शिवणीची फळी

फेरीबोटीतून उतरून ती सरळ माझ्या शेडवर आली,
पाठीला कागदांची लांब नळी.
फुमिए. नाव मला चौथ्या खेपेला जमलं.
तिला चेरीचं लाकूड हवं होतं.
दिवाडीत चेरी केकवर मिळते, म्हटलं,
तीही करवंदाची.

फणस दाखवला. तिनं नख ओढलं, मान हलवली.
बरोबर होतं तिचं. फणसाचा धागा जाड,
त्यात बारीक रेघ टिकत नाही.
मग माळ्यावरची शिवण काढली,
बापानं पालखीसाठी आणलेली, त्यातून उरलेली.
मी रंधा मारला, तशी ती
फळीवर गाल टेकून
उजेड कुठे अडतो ते बघत बसली.

तीन सकाळी तिनं आमच्या पोरसातली अबोली काढली.
बायको म्हणाली, फाती गुंफून दिली असती,
एवढं काय बघायचं तिच्यात, वास तर नाही.
शाईची एकच रेघ:
देठाशी जाड, पाकळीच्या टोकाला केसाएवढी.
ही माझी नाही, फुमिए म्हणाली,
रेशमावरच्या जुन्या फुलांवरून
गुरूच्या गुरूनं गिरवली, मग गुरूनं, मग मी.
त्यांच्याकडे आधी कुंचला,
लाकूड कितीतरी शतकांनी आलं.

आणि ते चित्र तिनं भाताच्या खळीनं
फळीवर उपडं चिकटवलं,
बोटांनी कागद सोलत नेला,
तेल चोळलं.
म्येस्त, खोद.

नक्कल ठेवलीय ना?
नाही.
खोदलं की हे जाईल.
जातं, ती म्हणाली,
आणि चहात साखर घालू लागली.

इगर्जीतल्या सायबिणीची बोटं कोरलीत मी,
रथाचे घोडे, एका भाटकाराच्या पलंगाची द्राक्षं.
पण इथे कुंचला दाबलाय, इथे उचललाय,
आणि तो दाब सुरीनं सांभाळायचा!
पहिल्या दिवशी वीतभरही झालं नाही.
रेघ सोडायची,
तिच्या आजूबाजूचं सगळं काढायचं.
चित्राचे तुकडे भुशात पडत होते,
कोंबडी येऊन उकरत होती.

आजोबा आठवले.
अग्रशाळेच्या भिंतीवर ओल्या चुन्यावर
कावेचा तांबडा हात,
सुकायच्या आत खरवडायचा,
खरवडलं तिथे पांढरी वेल.
मी खाली उभा, डोळ्यांत तांबडी धूळ.
त्यांनी काढून टाकलं ते फूल.
मी काढत होतो ते
फूल नव्हतं.

रंगाची फळी वेगळी.
कोपऱ्यात दोन खाचा, कागद तिथे टेकवायचा,
तांदळाच्या दाण्याएवढाही हलला
तर रंग रेघेबाहेर उभा राहतो,
चुकीच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा.
घासायच्या चकतीवरचं तिचं बांबूचं पान
आमच्या दमट हवेत फाटलं.
मी पोफळीची विरी ताणून बांधली.
रंग काही जुळेना, शेंदरी व्हायचा नाहीतर गुलाबी.
शेवटी बायको उठली, चिमूटभर हळद टाकून गेली.
फुमिए तिच्या पाठीकडे बघून वाकली,
कितीतरी वेळ वाकलेलीच.

चाळीस कागद घेऊन ती गेली.
फळी राहिली.

परवा कॅलेंडरचं जुनं पान ओलं केलं,
फळीवर पालथं घातलं, रंग न लावताच
विरीनं घासलं.
काही उठलं नाही. पांढऱ्यावर पांढरं.
दांडीवर लटकवून विसरलो.
संध्याकाळी खारफुटीवरून ऊन आडवं आलं
आणि कागदात अबोली उभी राहिली,
पाच मिनिटं,
मग ऊन गेलं.

तसाच अग्रशाळेत गेलो.
भिंतीला आता पिवळा ऑइलपेंट, चमकणारा,
खाली देणगीदारांची यादी.
चप्पल काढली, डोळे मिटले,
पंखा नि फ्यूजबॉक्सच्या मध्ये हात फिरवला.

रंगाखाली एक खाच लागली.
बोट तिच्यातून चालू लागलं,
डावीकडे वळलं,
वेलीसारखं.